एकशे शहाण्णव टप्पे

आप्पा,

बावीस तास पस्तीस मिनिटं. तुझ्या मोजणीनं, तुझ्या अटीवर. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण घरी आल्याआल्या मी प्रवासातल्या गमती सांगायला लागले की तू हात वर करायचास. "आदी कवा निगालीस, कवा पोचलीस ते सांग. घाट मागनं सांग." म्हणून आधी सांगितलं. आता घाट सांगते.

तुला जाऊन आज एकतीस दिवस झाले. लखनऊला, निशातगंजच्या माझ्या दोन खोल्यांत बसून हे लिहिते आहे. खाली सब्जीवाला भैया मटारच्या भावावरून कुणाशी तरी हुज्जत घालतोय. तू इथं सहा दिवस राहिलास तेव्हा या खिडकीत बसून त्याची गाडी बघायचास. "ह्येचं डावं चाक गेलंय," म्हणालास. दोन वर्षं झाली, अजून तेच चाक आहे. तेवढंच डुगडुगतंय.

आपलं भांडण कुठून सुरू झालं ते मला लख्ख आठवतं. ब्याण्णव साली बँकेतून प्रमोशनचं पत्र आलं आणि नेमणूक निघाली लखनऊला. घरात पहिली पदवी माझी, पहिली नोकरी माझी, पहिलं प्रमोशन माझं, आणि पत्र वाचून आईनं पदर तोंडाला लावला. मामा म्हणाला, "पोरीच्या जातीला इतक्या लांब? लग्नाचं बगा आदी." आई तुझ्याकडं बघायला लागली. मी पण. वडील गेल्यापासून आमच्या घरात शेवटचा शब्द तुझा, थोरल्या भावाचा होता, आणि तो तू कधी घाईनं टाकला नाहीस.

तू एवढंच विचारलंस, "टप्पे किती?"

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. एस.टी.चं तिकीट टप्प्यावर निघतं. सहा किलोमीटरचा एक टप्पा. तू एकवीस वर्षं स्टेअरिंगवर काढलीस आणि सगळं जग सहानं भागून टाकलंस. मामाचं गाव पाच टप्पे. वहिनीचं माहेर अकरा. माझं कॉलेज साडेतीन. त्या साडेतीन टप्प्यांसाठी चार वर्षं तुझ्याच गाडीतून गेले आणि रोज तिकीट काढलं. "डायवरची भैन म्हून फुकट बसली, असं कुणी म्हनायला नको." कंडक्टर लाजायचा, तू लाजायचा नाहीस.

मग तू कोनाड्यातली शिवणाची रीळ आणि माझा शाळेतला नकाशा घेऊन बसलास. दोरा पुण्यावर धरलास, नाशिककडनं वळवलास, धुळ्याला नेलास, इंदूरला वाकडा केलास. मी म्हटलं, "आप्पा, असा नाही. सरळ धरायचा. विमान सरळ जातं." दोरा तुझ्या हातातून घेतला, पुण्यापासून लखनऊपर्यंत ताणला आणि पट्टीवर लावला. साधारण पावणेबाराशे किलोमीटर आले.

"एकशे शहाण्णव टप्पे," तू लगेच म्हणालास. तुझं गणित कधी चुकलं नाही, फक्त तुझी आठवी राहिली. पण दोऱ्याकडं बघून मान हलवलीस. "सरळ कोन जातंय गं? माणूस वळतच जातंय."

"विमानानं पुणे-लखनऊ तीन तास. दिल्लीला बदलायचं."

"आनि पुन्याच्या म्होरं आपलं गाव तेवीस टप्पे? ती तुजा बँकेचा साहेब चालत नेनार?"

मामा हसला. आई मात्र हसली नाही. तिला एकच कळत होतं की तिला काही झालं तर मी तिथं अडकून पडणार. तू ते ओळखलंस. दोरा रिळाला परत गुंडाळलास आणि अट घातलीस: "निरोप निगाल्यापास्नं चोवीस तासात आईच्या उंबऱ्याला हिचा पाय लागला पायजे. लागतो का सांग, शाले. लागत आसंल तर जा. न्हाईतर ऱ्हा."

मी "लागतो" म्हटलं. खरं सांगू, तेव्हा मी विमान फक्त आभाळात बघितलं होतं. लखनऊचा विमानतळ शहराच्या कोणत्या अंगाला आहे हेही ठाऊक नव्हतं. तुझ्यासमोर इतकं मोठं खोटं मी ना त्याआधी बोलले, ना त्यानंतर. ते खरं करण्यात माझी सहा वर्षं गेली.

कारण रोजची गोष्ट वेगळीच होती. सुट्टी मिळाली की मी आगगाडीनं यायचे. झाशी, भोपाळ, मनमाड करत पुणे, मग एस.टी. तू आतल्या खोलीच्या कपाटाचं दार उघडून पेन्सिलनं त्याच्या आतल्या अंगाला लिहायचास, डेपोतल्या कागदासारखे रकाने पाडून. निघाली. पोचली. उशीर. कारण. "तास ३८, मि. १०. उशीर ३ तास. कारण धुकं." दर खेपेला मला समोर उभी करून विचारायचास, "निगालीस कवा? गाडी सुटल्यापास्नं न्हाई. खोलीला कुलूप लावल्यापास्नं." आणि पोचले म्हणजे पुणे स्टेशनला नाही, फाट्यावरही नाही. उंबऱ्यावर. मी म्हणायचे, अंतर म्हणजे अंतर. त्यात माझं कुलूप कशाला? तू म्हणायचास, "दोन दारांच्या मदी जे आसतं ना, त्ये अंतर. बाकीचा सगळा नकाशा."

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. पहिल्याच हिवाळ्यात मी राजीनामा लिहिला होता. शाखेत सगळे चांगले होते, "मैडम, मैडम" करायचे. पण घरी आल्यावर मराठी बोलायला भिंतीशिवाय कुणी नव्हतं. भिंत बरी म्हणायची, निदान हिंदीत उत्तर देत नव्हती. आठवडाभर सूर्य दिसला नव्हता. राजीनामा पर्समध्ये घालून तीन दिवस फिरवला. चौथ्या दिवशी तुझं कार्ड आलं. त्यात वरती खुशाली नाही, खाली आशीर्वाद नाहीत, मध्ये फक्त एवढंच: "टप्पे परत मोजून बघितले. तेवढेच आहेत. वाढले नाहीत."

तू ते का लिहिलंस, तुला काय कळलं होतं, मी कधी विचारलं नाही. तूही बोलला नाहीस. राजीनाम्याच्या कागदावर मी दूधवाल्याचा नंबर लिहून ठेवला. माझी नोकरी त्या कार्डानं राखली, आप्पा. हे तोंडावर सांगायला हवं होतं. तुझ्यासमोर असलं काही बोलायला गेलं की तू गाडीची हवा बघायला उठायचास.

आणि मग दोन वर्षांपूर्वी तू आलास. आगगाडीनं एकोणचाळीस तास बसून, दोन खाकी ड्रेस आणि आईनं दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन. सहाव्या दिवशी मी तुझ्यासमोर दोन विमानाची तिकिटं ठेवली. "चल. आता भांडण मिटवू. कुलपापासून उंबऱ्यापर्यंत. घड्याळ तुझं."

तू तिकीट उलटंपालटं केलंस. "ह्येच्यावर टप्पे लिहिले न्हाईत," म्हणालास.

सकाळी सहाला कुलूप लावलं. कुलूप तू लावलंस आणि वेळही तूच बघितलीस. अंगावर खाकी. मी म्हटलं, "आप्पा, मी घेतलेला तो शर्ट घाल ना." तर म्हणालास, "परवासात माजा ह्योच डरेस. एकोनीस वरसं ह्येच्यात कुनाला धक्का लावला न्हाई." अमौसीच्या विमानतळावर तपासणीच्या जवानानं तुला वरपासून खालपर्यंत बघितलं. "किस महकमे में हैं, साहब?"

"यस्टी."

"अच्छा? ये कौन सी फ़ोर्स है?"

तू छाती जरा पुढं काढलीस. "म्हाराष्ट्र की."

त्यानं तुला कडक सलाम ठोकला आणि तूही परत ठोकलास. मी मागं उभी राहून हसू दाबत होते, आणि खरं म्हणजे डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

दिल्लीहून पुण्याच्या विमानात तुला खिडकी दिली. अर्धा तास तू खाली बघत राहिलास. नाक काचेला. खाली एक नदी वळणं घेत चालली होती, तिच्या बाजूनं रस्ता वळणं घेत चालला होता, आणि आपण त्या दोन्हींना छेदून निघून गेलो. तेव्हा तू माझ्याकडं न बघता म्हणालास, "सरळच चाललंय की गं."

चार वर्षांत मी जिंकलेला हा पहिला डाव. पण तू तो संध्याकाळपर्यंतही टिकू दिला नाहीस. पुण्यात उतरल्यावर विमानातल्या बाईला म्हणालास, डायवर साहेबांना भेटायचं. ती बिचारी तुझ्या खाकीकडं बघून घेऊन गेली. वैमानिकानं हात मिळवला. तू आतली सगळी बटणं बघून घेतलीस आणि एकच प्रश्न विचारलास, "सामने से कोई आता है क्या?" तो हसून म्हणाला, नहीं. बाहेर येऊन म्हणालास, "समोरनं कोन येत न्हाई, खड्डा न्हाई, बैल न्हाई, हात दाखवनारी म्हातारी न्हाई. ह्येला डायव्हिंग म्हनायचं?"

रात्री सव्वाआठला उंबऱ्यावर पाय. कपाटाचं दार उघडलंस. "तास १४, मि. १५." मग पेन्सिल कानाला लावून मोठ्यानं, आईला ऐकू जाईल असं: "हवेत तीन तास. जमिनीवर सव्वाआकरा! इमान पळतंय, पर मानूस थांबतंय." मी म्हटलं, "पण चौदा तास, आप्पा. अट चोवीसची होती. बसलं की नाही?" तू दार लावून घेतलंस. "ही तिकीट आदी काडलं व्हतं. निरोप काय तिकीट काडून येत न्हाई."

ते भांडण तिथंच राहिलं. आणि तू बरोबर बोलला होतास. निरोप तिकीट काढून आला नाही. आणि तो आईचाही नव्हता.

संध्याकाळचे पावणेसहा. शाखा आवरत आली होती. फोन मिश्राजींनी घेतला. माझ्या शेजारच्या टेबलावरचे, पान खाऊन सावकाश बोलणारे. त्यांनी रिसीव्हर माझ्याकडं दिला तेव्हा पान थुंकून आले होते, त्यावरूनच मला कळलं. वहिनी बूथवरून बोलत होती. "वन्सं, डाक्टरांनी ह्यांना घरी न्या म्हनून सांगितलंय. सारकं इचारत्यात, शाली निगाली का." एवढंच बोलली आणि लाईन गेली.

आप्पा, मी रडले नाही. घड्याळ बघितलं.

चाव्या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या ताब्यात देऊन सही होईपर्यंत मिश्राजी गायब. पाऊण तासानं तिकिटाच्या ऑफिसातून धापा टाकत आले, हातात दिल्ली-पुण्याचं सकाळचं विमानाचं तिकीट. "शटर आधा गिरा हुआ था, मैडम. हमने पैर अड़ा दिया. दिल्ली तक रेल से जाइए, विमान के भरोसे मत रहिए, आज का जा चुका।" मी काहीतरी बोलायला गेले, तर म्हणाले, "भाई साहब से हमारी बात हुई थी, जब वो आए थे। पूछ रहे थे, बहन को कुछ हुआ तो आप कितनी देर में पहुँचेंगे? हमने कहा, दस मिनट। बोले, ताला लगाने का टाइम पकड़ के?" तू इथं येऊन मिश्राजींनाही अट घालून गेला होतास, मला पत्ता नाही!

रात्रभर गाडीत बसून दिल्ली, तिथून रिक्षानं विमानतळ, नऊचं विमान. खिडकी मिळाली. खाली नद्या होत्या, मी बघितल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा विमान मला हळू वाटलं. एकशे शहाण्णव टप्पे. मी सहाच्या पाढ्यानं मोजत बसले.

पुण्यात उतरून स्वारगेटला पोचले तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं कमी. सहा तास हातात होते. फलाटावर मी पाटी शोधायच्या आधीच एक खाकीतला माणूस समोर आला. "आप्पाची शालन न्हवं? मी सर्जेराव. सकाळपास्नं चार गाड्या गेल्या, दर गाडीचा डायवर इचारून ग्येला, आली का म्हून. बसा म्होरं."

वहिनीनं डेपोत सांगितलं होतं, आणि डेपोतून पुण्याला निघालेल्या प्रत्येक गाडीनं तो निरोप पुढं नेला होता. फोन लागायला वेळ लागला, आप्पा. तुझी माणसं माझ्या आधी पोचली होती.

सर्जेरावनं मला केबिनमध्ये बसवलं. तिकीट काढू नका म्हणाला. मी काढलं. पूर्ण. कंडक्टर लाजला, मी लाजले नाही. तुझी बहीण आहे.

खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला होता. गाड्यांची रांग. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस. माझी बोटं घड्याळावर. मी म्हटलं, "सर्जेराव, पुढं जरा जोरात घ्याल का?" त्यानं मान हलवली. "आप्पाचा शागीर्द हाय मी, ताई. टायमात नेतो. पळवत न्हाई." आणि रांग सुटल्यावर त्यानं गाडी अशी काढली, एक झटका नाही, एक फुकटचा ब्रेक नाही, की मला डोळे मिटल्यावर वाटलं स्टेअरिंगवर तूच आहेस.

फाट्यावर सगळी गाडी खिडक्यांतून बघत होती. म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. मी पर्स छातीशी धरून पळाले. बँकेची अधिकारी, साडी वर खोचून, भर दुपारी पांदीच्या वाटेनं पळत. उंबऱ्यावर पाय लागला तेव्हा पावणेचार.

तू खाटेवर होतास. एवढासा झाला होतास. डोळे मात्र तसेच, समोरचा रस्ता बघणारे. मी हात धरला. तू विचारलंस, "किती?"

"बावीस तास, आप्पा. बरोब्बर."

"कुटनं मोजलंस?"

"फोन आला तिथून."

तू मान हलवलीस. ओठ हलायला वेळ लागत होता, पण मुद्दा सोडला नाहीस. "हिनं बूथवर नंबर फिरवायला लागली तवापास्नं मोज. पाच धा."

वहिनी रडतारडता हसली. "बगा, आता तरी सोडा की त्यास्नी!" पण खरं होतं, पस्तीस मिनिटं तिला लाईन मिळत नव्हती.

"बावीस पस्तीस," मी म्हटलं.

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलास. मग डोळे न उघडता म्हणालास, "बसतंय. चोवीसात बसतंय."

शाबास तू मला कधी म्हणाला नाहीस. पदवी मिळाली तेव्हा नाही, बँकेत लागले तेव्हा नाही. ती सगळी शाबासकी एकदम त्या दोन शब्दांत दिलीस, आणि मी ती घेतली. नंतरचे दोन दिवस तू होतास आणि मी होते. कपाटाच्या दारावर तू सांगितलंस तशी ओळ वहिनीनं लिहिली. उशिराच्या रकान्यात काय लिहू, तिनं विचारलं, तर तू हातानं रेघ मारून दाखवलीस. तिसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळेला, तू गेलास. मी तिथं होते. लोक म्हणतात, नशीब, भेट झाली. मी म्हणते, नशीब नाही. ही भेट तू सहा वर्षं आधी ठरवली होतीस, दोरा गुंडाळताना.

चौदावा झाल्यावर आई माझ्या बॅगेजवळ येऊन बसली. मी घड्या घालत होते. तिला काय म्हणायचंय ते वहिनीच बोलली, "आत्यांना घिऊन जावा. होळीपतूर. मला डेपोत तिकीटखिडकीवर घेत्यात, माजं बगते मी. आनि कपाटावर आता ल्ह्यायचं कोन? तितंच मोजा तुमी." मी आईकडं बघितलं. सहा वर्षांपूर्वी लखनऊच्या नावानं जिनं पदर तोंडाला लावला होता, ती म्हणाली, "आप्पा ज्यातनं आला, त्यातनंच मी बी जानार."

तर ऐक. एक्काहत्तर वर्षांची आपली आई, नऊवारी नेसून, विमानात खिडकीशी बसली. पट्टा तिनं स्वतः लावला. खाली नदी आली तेव्हा विचारलं, "आप्पा हितनंच गेल्ता का?" मी म्हटलं, हो. मग ती लखनऊ येईपर्यंत खालीच बघत राहिली, एखाद्या ओळखीच्या गावातून जावं तशी. उंबऱ्यापासून निशातगंजच्या कुलपापर्यंत तेरा तास पन्नास मिनिटं. तुझा विक्रम पंचवीस मिनिटांनी मोडला, आप्पा, आणि तो कुणी मोडला ते बघ.

काल मी इथल्या कपाटाचं दार उघडलं आणि आतल्या अंगाला पेन्सिलनं रकाने पाडले. घरमालकीण बोलेल, बोलू दे. आई मागं येऊन उभी राहिली. "काय ल्हितीस?"

"टप्पे."

"किती?"

"आता कसले टप्पे, आई? तू इथं, मी इथं. शून्य."

"शून्य कसं? आप्पा आसता तर म्हनला आसता, तुज्या खुर्चीपास्नं माज्या चुलीपतूर मोज."

खरंच म्हणाला असतास. म्हणून खुर्चीपासून निघाले आणि चालत मोजलं. नऊ पावलं. आता ती तिथूनच हाक मारतेय, चहा निवतोय म्हणून. आईपासून नऊ पावलांवर आहे मी, आप्पा.

चोवीसात बसतंय.